चर्चचा कॅनोला ओला आहे, ड्रायर मिळेना – मदत हवी आहे

नगरकर: मंडळी, अर्जंट आहे. चर्चच्या प्रोजेक्टचा कॅनोला पाऊस यायच्या आत घाईघाईत काढून बिनमध्ये (साठवणीच्या कोठीत) भरलाय, ओला आहे, आणि ड्रायरवाल्याचं स्वतःचंच पीक चाललंय म्हणून तो म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू. बी-खत दुकानदारांनी फुकट दिलंय, शेजारी आपली कामं टाकून कंबाइन घेऊन आले, उपाशी लोकांच्या नावाचं पीक आहे हे, नासलं तर कुणाला तोंड दाखवू? तोवर काय करू?

लातूरचे_अण्णा: कॅनोला म्हणजे मोहरीचाच भाऊ ना? ताडपत्रीवर पसरा, दोन कडक उन्हं द्या. आम्ही सोयाबीनला तेच करतो.

प्रेअरी_वहिनी: अण्णा, ते कॅनडातले दिसताहेत, इथे आता कसलं कडक ऊन. नगरकर, मॉइश्चर किती? बिनला पंखा आहे का?

नगरकर: १२.४ टक्के. पंखा आहे. बिन गळ्यापर्यंत भरलंय. मॅनिटोबा.

प्रेअरी_वहिनी: १० च्या वर म्हणजे टफ, म्हणजे ओलसर माल, साठवायला ८ हवं. पंखा आत्ताच्या आत्ता लावा, रात्रीही चालू ठेवा. वाळणार नाही, पण गार राहील. आणि मधला माल ऑगरने (धान्य ओढायच्या स्क्रूच्या नळीने) थोडा काढून घ्या, हिरवा कचरा मध्येच जमतो आणि तिथूनच तापायला लागतं. दाणा बारीक, भरलेल्या बिनमधून हवा सहज वर चढत नाही.

सास्काटूनचा_बाळू: कशाला एवढा खटाटोप? ओलाच एलिव्हेटरला, म्हणजे धान्य खरेदी केंद्राला घाला, फूडग्रेन्स बँकेच्या (उपाशी लोकांना मदत करणाऱ्या चर्चच्या संस्थेच्या) नावावर जमा करा म्हणावं. वाळवणीचे पैसे कापतील, कापू दे.

प्रेअरी_वहिनी: कापतील ते कुणाच्या ताटातले?

बाळबोध: मुळात धान्य आफ्रिकेत पाठवायचं म्हणजे जहाजाच्या भाड्यातच सगळं जाणार.

नगरकर: धान्य जात नाही हो, इथे विकून पैसे जातात. २००८ पासून कॅनडातलंच धान्य घ्यायची सरकारची अट पण नाही, त्यामुळे तिकडच्याच बाजारात घेता येतं. १५ चर्च संस्था मिळून ही बँक चालवतात, १९८३ पासून, आणि अन्नमदतीला सरकार एका डॉलरवर चारपर्यंत घालतं, वर्षाला अडीच कोटी डॉलरच्या मर्यादेत. म्हणून तर कपात जिवावर येते.

रूथताई: आमच्या नगरला कापणीच्या सणाला बाजरी, भोपळे, कोंबड्या सगळं आणतात आणि लिलाव होतो. भोपळा घेणारा पैसे देऊन तोच भोपळा परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते. तुमच्याकडे होतं का असं? फोटो टाका ना.

नगरकर: ताई, नंतर टाकतो. पंखा लावलाय, ऑगरने एक ट्रक काढला. गरम लागत नाही, पण हिरवे दाणे दिसताहेत. किती चालतात?

प्रेअरी_वहिनी: नंबर वन दर्जाला २ टक्के. चिकटपट्टीवर शंभर दाणे घ्या, रोलरने चिरडा आणि आतून गर्द हिरवे निघाले तेवढे मोजा. नुसता फिकट हिरवा धरू नका. ट्रकमधला माल गार झाला की परत वरून ओता.

सास्काटूनचा_बाळू: परत कशाला ओतता? ट्रक भरलाच आहे तर तसाच एलिव्हेटरला न्या की!