सल्ला हवा: खेकड्यांचे डीएनए सिक्वेन्स जुळवायला कोणतं सॉफ्टवेअर?

ओढ्याकाठची
नमस्कार मंडळी. एमएस्सी प्राणिशास्त्र, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टसाठी सह्याद्रीतल्या ओढ्यांमधल्या सहा खेकड्यांचा सीओआय जीन (जाती ओळखायला वापरतात तो) सिक्वेन्स करून आणलाय. प्रत्येकाच्या फॉरवर्ड आणि रिव्हर्स अशा दोन, म्हणजे एकूण बारा फायली. गाइड म्हणतात "झाड काढून आणा" (म्हणजे कोण कुणाच्या जवळचा ते दाखवणारी वंशावळ), पुढे काही सांगत नाहीत. लॅपटॉप चार जीबीचा, कोडिंग शून्य.

अडचण अशी. तिसऱ्या खेकड्याची फॉरवर्ड फाइल ब्लास्टला (साठ्यातले जुळणारे सिक्वेन्स शोधणारं सॉफ्टवेअर) टाकली तर एका जातीशी ९६ टक्के जुळते. रिव्हर्स टाकली तरी तीच जात, जवळपास तेवढेच टक्के. पण त्या दोघी एकमेकींशी क्लस्टल ओमेगात (सिक्वेन्स शेजारी शेजारी मांडणारं सॉफ्टवेअर) लावल्या तर निम्मी अक्षरंही जुळेनात! एकाच खेकड्याच्या एकाच पायातला डीएनए आहे हो. लॅबवाल्यांनी नळ्या बदलल्या की सॉफ्टवेअर गंडलंय?

ब्लास्ट, क्लस्टल, माफ्ट, मेगा यांतलं शिकू कोणतं? विकतचं घ्यावं का? आणि ९६ टक्के म्हणजे नवी जात का? :)

मधली सुट्टी
विकतचं अजिबात नको. वर लिहिलेली चारही फुकट आहेत आणि मेगा सोडून बाकीची ब्राउझरमध्येच चालतात. सहा खेकड्यांना चार जीबी रग्गड.

गोगलगाय
नळ्या बदललेल्या नाहीत. ब्लास्टच्या निकालात अलाइनमेंटच्या डोक्यावर 'स्ट्रँड' लिहिलेलं असतं ते बघ. फॉरवर्डला 'प्लस/प्लस' आणि रिव्हर्सला 'प्लस/मायनस' असणार, पैज.

रिव्हर्स प्रायमर (वाचन जिथून सुरू होतं तो डीएनएचा छोटा तुकडा) डीएनएचा समोरचा धागा उलट्या दिशेनं वाचतो, आणि समोर एच्या जागी टी, जीच्या जागी सी असतो. फॉरवर्डमध्ये जिथे एटीजीसीसी आहे तिथे रिव्हर्स फायलीत जीजीसीएटी येतं. ब्लास्ट न सांगता दोन्ही धागे तपासतो, म्हणून त्याला दोन्ही फायली सापडल्या. क्लस्टल बिचारा जे दिलं ते तसंच शेजारी मांडतो. मेगाच्या अलाइनमेंट खिडकीत 'रिव्हर्स कॉम्प्लिमेंट' आहे, ते कर आणि मग लाव. माफ्टला दिशा आपली आपण सुधारायलाही सांगता येतं.

'कोणतं शिकू' हा प्रश्न म्हणजे विळी शिकू की कढई. कामं वेगळी आहेत. १९७० ची नीडलमन-वुन्श पद्धत दोन सिक्वेन्सचा पूर्ण तक्ता मांडते. साडेसहाशे अक्षरांच्या जोडीला सव्वाचार लाख चौकोन होतात. जोडीला ठीक आहे, पण अख्ख्या जीनबँकेशी (जगभरच्या सिक्वेन्सचा साठा) असं जुळवत बसलीस तर सबमिशन पुढच्या वर्षी. १९९० मध्ये आलेला ब्लास्ट लबाडी करतो: आधी एक छोटा तुकडा तंतोतंत कुठे सापडतो ते बघतो आणि तिथूनच दोन्ही बाजूंना वाढवत जातो. मेगाब्लास्ट या त्याच्या झटपट प्रकारात हा तुकडा २८ अक्षरांचा असतो, साध्या ब्लास्ट-एनमध्ये ११ चा. त्यामुळे लांबचे नातेवाईक शोधायचे तर ब्लास्ट-एन निवड. ओळख ब्लास्टवर, सहाही एकाखाली एक मांडणं माफ्ट किंवा क्लस्टलमध्ये, झाड मेगात.

पण त्याआधी .एबी१ फायली (मशीनचा कच्चा आलेख, प्रत्येक अक्षराला एक रंगीत शिखर) उघडून शिखरं डोळ्यांनी बघितलीस का? सुरुवातीची तीसचाळीस अक्षरं आणि शेपूट बहुतेक वेळा कचरा असतो. तो कापल्याशिवाय काढलेलं झाड त्या कचऱ्याचंच असतं. माझं पहिलं झाड असंच होतं, आणि मी ते सेमिनारमध्ये दाखवलंही होतं.

९६ टक्क्यांवर पेढे वाटू नकोस. 'क्वेरी कव्हर', म्हणजे तुझ्या सिक्वेन्सचा किती भाग जुळला, ते किती आहे? शिवाय जीनबँकेतलं नाव सिक्वेन्स टाकणाऱ्यानं दिलेलं असतं, ते चुकीचंही असू शकतं. तुझी जात बँकेत कुणी टाकलीच नसेल तर शेजारची जात पहिल्या नंबरावर येते, एवढाच त्याचा अर्थ. नराचे गोनोपॉड (पोटाखालचे प्रजननाचे उपांग) सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय खेकड्यांचा माणूस तुझ्याशी बोलणार नाही.

चहाबाज
अवांतर: 'एका शनिवारात बायोइन्फॉर्मॅटिक्स'वाल्या एका क्लासचं सर्टिफिकेट माझ्याकडे आहे. फ्रेम करून लावलंय. .एबी१ हा शब्द आज पहिल्यांदा वाचला.

ओढ्याकाठची
गोगलगाय ताई, 'प्लस/मायनस'च!! लॅबला तिखट मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता, आत्ता डिलीट केला. शेपट्या कापल्या, दोन्ही वाचनं आता मधल्या भागात अक्षर न् अक्षर जुळतात.

नवीन गोंधळ: मेगात सिक्वेन्सचं प्रोटीन करून बघितलं तर अमिनो आम्लांच्या मध्ये चांदण्या. एकेका खेकड्यात दहाबारा. चांदणी म्हणजे स्टॉप ना? मग हा जीन चालतो कसा?

गोगलगाय
जेनेटिक कोड विचारला तेव्हा 'स्टँडर्ड' तसाच ठेवलास ना? सीओआय मायटोकॉन्ड्रियातला जीन आहे आणि तिथली बाराखडी थोडी वेगळी असते. टीजीए म्हणजे एरवी 'थांब', खेकड्याच्या मायटोकॉन्ड्रियात मात्र ट्रिप्टोफॅन. यादीत 'इन्व्हर्टिब्रेट मायटोकॉन्ड्रियल' निवड, टेबल नंबर ५. तरी चांदण्या दिसल्या तर वाचन एक किंवा दोन अक्षरं पुढून सुरू करून बघ, फ्रेम (तीन-तीन अक्षरांचे गट कुठून पाडायचे ते) चुकली असेल.

ओढ्याकाठची
पाच खेकडे स्वच्छ! सहाव्यात मात्र दोन चांदण्या हटत नाहीत. तिन्ही फ्रेम बघितल्या.

गोगलगाय
हा मजेदार आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या जीनची जुनी नक्कल कधीकधी केंद्रकात जाऊन बसते आणि तिथे बिनकामाची सडत राहते. तिला न्यूमट म्हणतात. प्रायमर तिलाही पकडतो. किंवा नुसतंच वाचन खराब असेल. चांदणीच्या जागेची शिखरं बघ: एकाखाली एक दोन रंग दिसतात का, की एकच स्वच्छ शिखर आहे? दोन्ही फायलींचे स्क्रीनशॉट इथे टाक. तोवर सहाव्याला झाडात घेऊ नकोस.

त्याचा एखादा पाय अल्कोहोलमध्ये शिल्लक आहे ना?

ओढ्याकाठची
दोन आहेत. स्क्रीनशॉट रात्री टाकते, आत्ता लॅबची लाइट गेलीये.