बेसमेंटमधल्या दोन काड्या मान टाकताहेत, काय चुकतंय?

डोंबिवलीचा_किचनरकर

आधीच सांगतो, म्हणजे पहिला रिप्लाय 'पोलिसांना कळवू का' असा यायला नको. मी कॅनडात, ओंटारिओतल्या किचनरला असतो. इथे 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे आणि सज्ञान माणसाला घरी चार झाडं लावता येतात. चार माणशी नव्हेत, घरटी. घर स्वतःचं आहे, बिया सरकारी दुकानातून ऑनलाइन मागवलेल्या आहेत, पावती जपून ठेवली आहे.

दोन झाडं बियांपासून आली. मोठं घरात झाडं वाढवायच्या तंबूत आहे, धाकटं कपडे वाळत घालायच्या कोपऱ्यात वेगळ्या दिव्याखाली. मोठीला बायको 'सवत' म्हणते, कारण रात्री जेवण झालं की मी तिला बघायला खाली जातो. सवतीचा वास आणि बांधा मला इतका आवडला की पुढच्या खेपेला बी लावण्यापेक्षा तिचेच क्लोन करावेत, म्हणजे तिच्याच फांदीच्या काड्या लावून रोपं करावीत, असं ठरवलं. दोन झाडं आहेतच, म्हणजे हिशेबाने दोनच काड्या करता येतात.

नऊ दिवसांपूर्वी बोटभर लांबीच्या दोन काड्या नव्या ब्लेडने तिरक्या कापल्या, रूटिंग जेलमध्ये बुडवल्या, पीटच्या (कुजलेल्या शेवाळाच्या मातीच्या) जाळीदार गोळ्यांत खोचल्या आणि वर केकचा पारदर्शक डबा पालथा घातला. दिवा वीतभर उंचीवर, 18 तास. सकाळ, दुपार, रात्र स्प्रे. ट्रेमध्ये पाणी कायम, कारण काडीला मुळं नाहीत तर ती पिणार कशी, असा माझा तर्क.

तिसऱ्या दिवशी दोघींनी मान टाकली. आज एकीचं बूड काळं पडलंय, बोट लावलं तर बुळबुळीत. डबा उघडला की ओल्या मोज्यांसारखा वास येतो. दुसरी अजून हिरवी आहे, पण लग्नात उभं राहून कंटाळलेल्या करवलीसारखी दिसते.

मी डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर वाढलो. तुळससुद्धा आई बघायची. जाणकारांनी सांगा. आणि हो, मे महिन्यात सासू-सासरे येणार आहेत. सासरे तासगावकडचे द्राक्षबागायतदार. वासाचं काय करायचं हा वेगळा प्रश्न आहे, तो नंतर.

---

बर्नबीची_काकू

अरे बाबा, तू त्यांना लोणचं घातल्यासारखं मुरवतोयस. ट्रेमधलं पाणी आत्ता जाऊन ओतून दे. रिप्लाय नंतर वाच.

आता तीन प्रश्न. तापमान किती? डोक्याच्या उंचीवरचं नको सांगूस, ट्रे जिथे आहे तिथलं सांग. दिवा पूर्ण जोरावर आहे का? आणि सवतीला फुलोऱ्यासाठी दिव्याच्या 12 तासांवर आणलंयस का?

मी चार वर्षं हेच करतेय, पहिल्या वर्षी अशाच मारल्या. काडीला मुळं नसतात तेव्हा ती पानांतून जेमतेम ओल घेते, म्हणून डबा. इथे हिवाळ्यात फर्नेस चालू असला की घरातली हवा पापडासारखी कोरडी होते, डब्याशिवाय ती तासाभरात सुकेल. पण डबा झाकलाय म्हटल्यावर तीनदा स्प्रे कशाला? आतल्या बाजूला दव दिसतंय तोवर हात लावायचा नाही. दिवसातून एकदा डबा उचलून वारा घालायचा, चौथ्या-पाचव्या दिवसापासून एक कोपरा थोडा उघडा ठेवायचा. दिवा मंद आणि दोन हात वर. मुळंच नाहीत त्या पोराला तू उन्हात पळायला लावतोयस. मोठ्या पानांची टोकं अर्धी कापून टाक, तेवढं तिचं पाणी उडणं कमी होईल.

---

सदाशिवातला_पेन्शनर

वाचतो आहे, गंमत वाटते आहे. फक्त इथल्या तरुण वाचकांसाठी: हे सगळं किचनरमध्ये. भारतात 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 20 खाली परवान्याशिवाय हे झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. 'भांग चालते मग हे का नाही' असं विचारणारे येतीलच. त्या कायद्यातल्या गांज्याच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात, शेंड्यांशिवायची नुसती पानं येत नाहीत, म्हणून भांगेला वाट मिळते. झाड लावायला मिळत नाही. कुंडीतलंसुद्धा. झालं माझं, चालू द्या.

---

काडीवाला_मिरज

मला गांज्यातलं काही कळत नाही. काडीतलं कळतं, आमची द्राक्षाच्या खुंटरोपांची नर्सरी आहे. डॉगरिज या खुंटाच्या काड्या पिशव्यांत लावण्यात माझी वीस वर्षं गेली.

तुमचं एक वाक्य वाचून हसू आलं. 'मुळं नाहीत तर पिणार कशी, म्हणून पाणी कायम.' उलटं आहे साहेब. जिथे काप आहे तिथे आधी गाठ धरते आणि मग मुळं फुटतात. त्या कामाला तिला हवा लागते. पाण्यात बुडालेल्या कापाला हवा मिळत नाही, मग बुरशी बसते आणि बूड काळं पडतं. आमच्याकडे शब्द आहे 'वाफसा'. माती ओली असते पण चिखल नसतो, मुठीत दाबली की गोळा होतो, बोटाने टिचकी मारली की फुटतो. तुमची ती पीटची गोळी दोन बोटांत हलकी दाबा. पाणी टपकलं तर वाफसा नाही. नुसती बोटं ओली झाली तर आहे.

दुसरं, खाली ऊब आणि वर गारवा पाहिजे. बूड थंड राहिलं तर काडी नुसती बसून राहते, आणि बसून राहिलेली काडी सडते.

तिसरं, काडी निवडताना शेंड्याची लुसलुशीत घेऊ नका आणि बुडाची लाकूड झालेलीही नको. वाकवली तर वाकून परत येते ती. काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या, मुळं तिथून जोरात येतात. कापल्या कापल्या पाण्यात धरा. आमच्यात शंभरातल्या ऐंशी जगल्या तरी शेटजी खूश. तुमच्याकडे मोजून दोन, म्हणजे आमच्यापेक्षा तुमचंच काम अवघड.

---

बर्लिनचा_बंड्या

आमच्याकडे जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून सज्ञान माणशी तीन झाडं. क्लोन गांजा पिकवणाऱ्या क्लबातून आयते मिळाले, फुशारकीने थेट मोठ्या झाडाशेजारी ठेवले. दहा दिवसांत लाल कोळी ही कीड. पानावर सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके, मग बारीक जाळी. क्लोनबरोबर मदरचा, म्हणजे मूळ झाडाचा रोगही जसाच्या तसा येतो, बी लावताना ही कटकट फारशी नसते. तू घरच्याच झाडाचे करतोयस, तरी कापण्याआधी पानांच्या खालच्या बाजू भिंगातून बघ.

---

डोंबिवलीचा_किचनरकर

सगळ्यांना सलाम. काकू, तुमच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला लाज वाटतेय.

थर्मामीटर भिंतीवर खिळ्याला होता, 21 दाखवायचा. ट्रे सिमेंटच्या जमिनीवर. काल थर्मामीटर ट्रेमध्ये ठेवला. 15. दिवा पूर्ण जोरावर. आणि सवतीला दोन आठवड्यांपूर्वी 12 तासांवर आणलेलं, फुलोऱ्याचे पांढरे केससुद्धा दिसायला लागले होते. काड्या मी त्यानंतर कापल्या.

---

बर्नबीची_काकू

मग तेच. फुलोऱ्यात शिरलेल्या झाडाची काडी म्हणजे बॅग भरून दारात उभी असलेली मुलगी, तिला परत संसाराला बसवायचं. जमतं, पण मुळं यायला वेळ लागतो, आणि पुढे काही दिवस एकाच पाकळीची वेडीवाकडी पानं येतात. हिरवी राहिलेली टाकू नकोस, बघ काय करते. काळी पडलेली फेक. तिच्या जागी एक काडी धाकटीची घे, ती 18 तासांत आहे ना? मुळं धरायच्या आधीही मोजताना काडी झाडच धर, चारच्या वर जाऊ नकोस.

---

डोंबिवलीचा_किचनरकर

सोळा दिवसांनी अपडेट.

ट्रे जमिनीवरून उचलला आणि खाली रोपांची हीटिंग मॅट घातली, आता बूड 24 वर असतं. दिवा मंद केला. स्प्रेची बाटली बायकोने लपवली, हा सगळ्यात मोठा बदल. धाकटीच्या काडीला बाराव्या दिवशी गोळीच्या जाळीतून पांढरं मूळ बाहेर आलं, शेवयाच्या तुकड्याएवढं. मी बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. ती म्हणाली, आपल्या मुलाचा पहिला दात आला तेव्हा तू ऑफिसात होतास.

सवतीची हिरवी काडी अजून तशीच आहे, मूळ नाही. मात्र शेंड्याला एक पान आलंय, एका पाकळीचं. काकू, अगदी तुम्ही म्हणालात तसं.

मिरजकर, तुमच्या वाफशाची खात्री करायला मी सासऱ्यांना फोन केला होता. म्हटलं, एका फुलझाडाच्या काड्या लावल्यात, तुमचं काय मत? त्यांनी अर्धा तास समजावलं, गोळी कशी दाबायची ते व्हिडिओ कॉलवर बघून घेतलं. कॅमेरा मी फक्त गोळीवर धरला होता, पण हात हलला असावा. शेवटी म्हणाले, "जावईबापू, काडी झकास लागलीय. आता ते फूल कसलं ते मला सांगू नका, आणि आम्ही आल्यावर तुमच्या सासूबाईंना खाली नेऊ नका."

वासासाठी कार्बन फिल्टर कुठला घ्यावा, त्याचा धागा वेगळा काढतो.