मंडळात बुरूडकामाची संध्याकाळ: २५ जणींसाठी तयारी कशी करावी?

सचिव_महिलामंडळ
रथसप्तमीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या महिला मंडळात बुरूडकाम करणारं एक जोडपं येणार आहे. गाव कुडाळ तालुक्यात. संध्याकाळी ५ ते साडेसात एवढाच वेळ, बायका २५. प्रत्येकीला एक परडी विणून घरी न्यायची आहे, साधारण ६ इंच बूड आणि ३ इंच उंची. बांबू गावातलाच तोडू. किती काठ्या लागतील? किती दिवस आधी तोडाव्यात, भिजत घालाव्यात का? आणि कारागिरांना काय द्यावं?

बेळ_आणि_कोयता
ताई, आधी बायकांना सांगून टाका की अडीच तासांत परडी पुरी होत नाही. नवख्या हाताला बूड धरायलाच पाऊण तास जातो, अंग विणायला दीड तास, काठ वेगळाच.

विणणं हा या कामाचा सोपा भाग. खरं कौशल्य बेळ, म्हणजे बांबूची पातळ पट्टी, काढण्यात आहे. फाडताना चीर एका अंगाला पळते आणि बेळ टोकाकडे बारीक होत जाते. तसं दिसलं की जाड बाजू जास्त वाकवून ओढायची, म्हणजे चीर पुन्हा मध्यावर येते. हे एका संध्याकाळी हाताला येत नाही आणि २५ जणींच्या हातात कोयते देऊन तर मुळीच नाही. कारागिरांनी एक काठी सगळ्यांसमोर फाडून दाखवावी, बाकीच्या बेळा आधीच तयार असाव्यात.

आता हिशोब. एका परडीला १० मिमी रुंद, २२ इंच लांब अशा ८ पट्ट्या उभ्या ताण्यासाठी, म्हणजे ज्यावर विणायचं त्या सांगाड्यासाठी, शिवाय एक अर्धी. विणायला ५ मिमी रुंद बेळ सुमारे ४० फूट. म्हणजे काठ सोडून एका परडीला ५५ ते ६० फूट. दीड इंच जाडीची २० फुटी काठी फाडली की गाठी आणि वाया जाणारं सोडून २०० फूट चांगली बेळ हाती येते असं धरा. २५ परड्यांना आठ काठ्या, काठाच्या जाड पट्ट्यांसाठी आणखी एक. एवढं फाडायला दोघांचे दोन दिवस जातील.

काठी दोन-तीन वर्षांची हवी. अंगावर पांढरी पूड आणि खोडाला कोष (पेराभोवतीची पातळ आवरणं) चिकटलेले असतील तर ती कोवळी. तिची बेळ वाळल्यावर फार आखडते आणि तिला भुंगेरा (बांबू पोखरणारा किडा) लवकर लागतो. फार जून काठी वाकवताना तडकते. तुमच्याकडे माणगा जातीचा बांबू मिळेल, चिवारीही चालते. कळक जात नको, काट्यांनी हात जातील.

पाटी_परडी
वरचं सगळं बरोबर. बूड कसं धरायचं ते लिहिते, कारण गोंधळ तिथेच होतो.

चार पट्ट्या उभ्या, चार आडव्या, एक वर एक खाली. हिरवी पाठ जमिनीकडे, म्हणजे परडीच्या बाहेरून चकाकी येते. चौकोन घट्ट आवळला की १६ टोकं मिळतात. एकाच बेळीने विणायचं तर टोकं विषम लागतात. १६ टोकांवर दुसऱ्या फेरीला बेळ पहिल्यासारखीच वर-खाली जाते, वीण बसतच नाही. म्हणून ती अर्धी पट्टी खोचून १७ करायची. बायका इथे हमखास चुकतात आणि चार फेऱ्या झाल्यावर लक्षात येतं. दोन बेळा एकमेकींना पीळ देत विणल्या तर १६ चालतात, पण वेळ दुप्पट.

बूड ६ इंच झालं की टोकं ओली करून वर वाकवायची. सगळ्यांची परडी एकसारखी हवी तर ६ इंची पत्र्याचे डबे गोळा करा आणि डबा पालथा घालून त्यावर विणा. डब्याशिवाय नवखी बाई बेळ सैल सोडते आणि परडी ताटासारखी पसरते, नाहीतर एवढी ओढते की तोंड आवळतं. बूड मध्ये थोडं आत दाबा, नाहीतर परडी भोवऱ्यासारखी डुलते.

बेळ_आणि_कोयता
डब्याची युक्ती उत्तम. एक भर: काठ त्याच दिवशी बांधू नका. ओली बेळ वाळताना रुंदीत आखडते आणि फेऱ्यांमध्ये फटी पडतात. दोन दिवस सावलीत ठेवा, उन्हात चिरते. मग फेऱ्या खाली दाबून बसवायच्या, हवी तर वर एक-दोन फेऱ्या वाढवायच्या. त्यानंतर एक टोक सोडून एक टोक कापायचं, उरलेली ओली करून आत विणीत खोचायची आणि आतून-बाहेरून जाड पट्टी लावून बारीक बेळीने बांधायचं. पट्टीची टोकं तासून दोन इंच एकावर एक घ्या. थोडक्यात, एका ऐवजी दोन संध्याकाळी ठेवा. पहिल्या दिवशी बूड आणि अंग, चौथ्या दिवशी काठ.

सचिव_महिलामंडळ
दोन संध्याकाळी जमतील. भिजवायचं राहिलं. आणि काही जणींना भाकरी ठेवायला परडी हवी आहे, किडीसाठी काही औषध लावावं का?

ओलं_बारदान
दोन-तीन दिवसांत तोडलेली काठी असेल तर बेळा भिजवू नका. नुसत्या ओल्या बारदानात गुंडाळून ठेवा. वाळलेल्या असतील तर तास-दोन तास पाण्यात पुरे. रात्रभर ठेवलं की काळ्या पडतात आणि बुरशी येते.

किडीसाठी बोरॅक्स-बोरिक आम्लाचं पाणी वापरतात: १० लिटरला ३०० ग्रॅम बोरॅक्स, २०० ग्रॅम बोरिक, बेळा २४ तास बुडवून. पण हे फक्त शोभेच्या किंवा सुईदोऱ्याच्या परडीला. भाकरी, फळं ठेवणार असाल तर औषध अजिबात नको. तिथे आतला पांढरा गर तासून पाठीचीच बेळ घ्या, भुंगेऱ्याला पिठूळ गरच आवडतो. रंगवायचं असेल तर उलट करावं लागतं. पाठीवर रंग धरत नाही, ती खरवडावी लागते.

मांडीवर जुनं बारदान, जवळ चिमटा आणि सुई, कारण हातात कूस (बांबूचा बारीक तुकडा) जाणारच. ट्यूबलाइट पाठीमागे नको, विणीवर सावली पडते. गुडघे दुखणाऱ्यांना खाली बसवू नका, पाट आणि समोर बाक द्या.

हिशेबनीस
मानधनाचं. बेळ काढायचे दोन दिवस आणि दोन संध्याकाळी धरून रोज (दिवसाची मजुरी) मोजा, दोघांचा वेगवेगळा. बाईंना 'सोबत आल्या' म्हणून धरू नका, विणायला बहुतेक त्याच शिकवतील. कारागिरांसाठीच्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिकणाऱ्याला दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळतं. शिकवणाऱ्याचा रोज त्याहून वरचाच हवा. त्यांनी विकायला सुपं, रोवळ्या आणल्या तर घासाघीस टाळा.

बांबूच्या परवानगीची काळजी नको. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला आहे. बांबूचं बेट कोणाचं आहे त्याला मात्र विचारा, आणि कोंब सोडून मधल्या दोन-तीन वर्षांच्या काठ्या तोडा.

सचिव_महिलामंडळ
डबे १४ जमलेत, बाकीचे अंगणवाडीत विचारते.