कोयनेच्या पोटात भोक पाडून मुंबईच्या माणसाला काय मिळणार?

सातवा_मजला (मुलुंड)

परवा भाचा जेवायला आला होता. भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोयनेजवळ गोठणे गावात शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय, २०१७ साली ते पुरं झालं, आता त्याच्याही खाली जायचा विचार आहे, कराडला त्यासाठी केंद्र सरकारची वेगळी प्रयोगशाळाच आहे, असं सगळं एका दमात सांगत होता. मी विचारलं, यातून भूकंप कधी येणार ते कळेल का? म्हणाला, "नाही मामा, तसं नसतं ते." मग कसं असतं, ते वरणभात संपेपर्यंत काही मला कळलं नाही.

माझं मत सरळ आहे. भूकंपाने माणूस मरत नाही, घराने मरतो. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमून झोपलेल्या लोकांवर दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं कोसळली. जवळपास १०,००० माणसं गेली. २००१ ला भूज हललं, तर अडीचशेएक किलोमीटर लांब अहमदाबादेत इमारती बसल्या. त्यातल्या कित्येक खाली गाड्या ठेवायला मोकळी जागा सोडून नुसत्या खांबांवर उभ्या होत्या. आमची इमारतही तशीच आहे. माझ्या गाडीशेजारच्या खांबाला वरपासून खालपर्यंत एक तांबूस रेघ गेलीय आणि प्लॅस्टर पोट सुटल्यासारखं पुढे आलंय. रोज रिव्हर्स घेताना दिसतं. पैसा तिथे घाला ना! खडकाची विचारपूस नंतर करू.

मुक्काम_कराड

काका, विचारपूस का करायची ते सांगतो. मी हजारमाचीला, त्याच प्रयोगशाळेत, जाऊन कोअर बघून आलोय. लांब पेट्यांमध्ये भोकातून काढलेल्या दगडाच्या दांड्या ओळीने मांडलेल्या असतात. पहिल्या पेट्यांत आपला काळा दगड, मध्येच पांढऱ्या झिओलाइट खनिजाचे ठिपके, दोन लाव्हांच्या मध्ये विटेसारखा लाल मातीचा थर. हे मीटरच्या मीटर चालू राहतं आणि मग एका पेटीत अचानक गुलाबी-करडा ग्रॅनाइट. गोठण्याला हा बदल सव्वा किलोमीटरच्या आसपास येतो, जवळच्या रासाटीच्या भोकात ९३३ मीटरवर. वरचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, खालचा त्याच्या कित्येक पट जुना. कोयनेचे बरेचसे धक्के या खालच्या दगडात, १० किलोमीटरच्या आत होतात.

जगात बहुतेक ठिकाणी पुढचा भूकंप नेमका कुठे होईल ते सांगता येत नाही. इथे २० बाय ३० किलोमीटरच्या तुकड्यात १९६२ पासून, धरणात पाणी भरायला लागल्यापासून, धक्के थांबलेलेच नाहीत. मांजर बिळापाशीच बसणार ना?

लालबागकर_आजोबा

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. मी नऊ वर्षांचा. मांडणीवरची पितळी भांडी आधी नुसती कुजबुजली, मग एकेक खाली यायला लागली. आजी ओरडली, "गिरणीचा बॉयलर फुटला!" वडील रात्रपाळीला होते, म्हणून सगळी चाळ त्यांच्या नावाने रडायला लागली. सकाळी ते दात घासत वर आले. कोयनानगरात पावणेदोनशेच्या वर माणसं मेली हे पुढे पेपरात वाचलं. बाकी तुमचं चालू द्या.

स्लॅबवाला

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर, तेव्हा खांबांच्या बाजूने आधी. सातवा_मजला, ती तांबूस रेघ म्हणजे आत सळई गंजतेय. गंज फुगतो, म्हणून प्लॅस्टर पुढे येतं. हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळ झालंय. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं ऑडिट करायचंच असतं, आणि तरी ते सोसायटीच्या सभेत रंगकामाच्या खाली ढकललं जातं.

पण मूळ मुद्दा मला मान्य नाही. खांब किती जाड करायचा हा आकडा आम्ही कुठून आणतो? कोयना धरणाचं डिझाइन करताना भूकंपाचं आडवं बळ वजनाच्या ५ टक्के धरलं होतं. १९६७ ला धरणातच बसवलेल्या यंत्राने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, म्हणजे ६३ टक्के हादऱ्याची नोंद दिली. धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात, जिथे उतार बदलतो तिथे तडे गेले. ती नोंद नंतर जगभरच्या धरणवाल्यांनी अभ्यासाला घेतली. जमिनीच्या आत काय चाललंय ते न बघता खांब बांधणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं. किल्लारी १९९३ ला भूकंपाच्या नकाशावर झोन १ मध्ये होती. सर्वांत कमी धोक्याचा!

सातवा_मजला

नोंद यंत्राने दिली, भोकाने नव्हे. यंत्रं लावा की, शंभर लावा. माझा विरोध ३ किलोमीटरला आहे.

पुराव्याने_शाबीत

सातवा_मजला यांना माझा पाठिंबा, पण कारण वेगळं. कॅलिफोर्नियात पार्कफिल्ड नावाचं गाव आहे. तिथे १८५७ पासून १९६६ पर्यंत साधारण सारख्याच अंतराने, सारख्याच आकाराचे सहा भूकंप झाले. शास्त्रज्ञ म्हणाले, पुढचा १९९३ च्या आत, ९५ टक्के खात्री. सगळा परिसर यंत्रांनी भरून टाकला. भूकंप आला २००४ ला, आणि आधी कसलीही सूचना न देता. त्याच भागात भ्रंशापर्यंत, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगेपर्यंत, सुमारे ३ किलोमीटर खोल भोकही पाडलं. २००८ ला तळाशी बसवलेली उपकरणं थोड्याच दिवसांत बंद पडली. अमेरिकनांचं हे झालं, तिथे आपण कशाच्या जोरावर उतरतोय?

मुक्काम_कराड

उपकरणं बंद पडली, खरंय. पण त्याच भोकातून सरकत्या भ्रंशाचा दगड वर आला आणि त्यात साबणासारखी बुळबुळीत माती निघाली. तिथला भ्रंश धक्के न देता हळूहळू का घसरतो, याचं उत्तर तेव्हा हातात आलं. जमिनीवर हजार यंत्रं लावूनही ती माती दिसली नसती.

आणि आणखी एक. डेन्व्हरजवळ लष्कराच्या रसायनांच्या कारखान्याने १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सांडपाणी दाबून भरलं. सहसा न हलणारं शहर हलायला लागलं. पुढे रेंजली नावाच्या तेलक्षेत्रात मुद्दाम पाणी भरून, काढून बघितलं. दाब वाढवला की धक्के, उतरवला की शांत. म्हणजे खडकाच्या भेगांतल्या पाण्याचा दाब ही कळ आहे. कोयनेत ती कळ पावसाळा दरवर्षी दाबतो. तो दाब खाली किती पोचतो हे वरून मोजता येत नाही, खाली जाऊनच बघावं लागतं.

निसर्गवादी_नालासोपारा

म्हणजे धरणानेच माणसं मारली ना? मग रिकामं करा!

स्लॅबवाला

धरणाने भूकंप घडवला नाही, आधीच ताणलेल्या खडकाला धक्का दिला. बंदूक भरलेलीच होती. आणि पाण्याची पातळी झपाट्याने उतरवणंही त्या खडकाला मानवेल असं नाही. धक्के पाणी चढतानाच होतात असं काही नाही. १९६० मेगावॉटचा प्रकल्प आहे, हे वेगळं सांगत नाही.

वज्रेश्वरीचा_वाटसरू

सगळे कोयनेवरच का भांडताय? मुंबईखाली काय आहे? पनवेल-कल्याणकडून पश्चिमेला निघालात की लाव्हाचे थर समुद्राकडे कललेले दिसतात, इतरत्र ते ताटासारखे सपाट असतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडंही याच पट्ट्याच्या आसपास. पालघरच्या डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची माळ लागली, लोक थंडीत घराबाहेर झोपले. जुन्या याद्यांत तर १६१८ च्या मे महिन्यात मुंबईत भूकंपाने २००० माणसं मेल्याची नोंद आहे!

पुराव्याने_शाबीत

त्या नोंदीत गलबतं बुडाल्याचंही लिहिलंय. मे महिना, समुद्र, वारा. नंतरच्या अभ्यासकांनी ते वादळ असावं असं म्हटलंय. याद्या अशा वाचायच्या असतात.

मुक्काम_कराड

मुंबईत भोक पाडलंच तरी ऐकणार काय, लोकल? कुलाब्याचं पृथ्वीच्या चुंबकत्वाचं निरीक्षण विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ ला अलिबागला न्यावं लागलं होतं. नाजूक यंत्रांना शहर सोसत नाही.

मुंबईला कोयनेतून मिळण्यासारखं म्हणजे सेकंद. अंतर सरळ रेषेत २०० किलोमीटर. भूकंपाची जलद लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते, जोरात हलवणारी साडेतीन. म्हणजे मोठा हलवा पोचायला सत्तावन्न-एक सेकंद. भूकंपाच्या केंद्राजवळच्या यंत्राने पहिल्या काही सेकंदांत ओळखलं तर चाळीसेक सेकंद हाती उरतात. जपानात २०११ ला प्रवाशांनी भरलेल्या वेगवान गाड्या एकही न घसरता थांबल्या.

सातवा_मजला

चाळीस सेकंदांत सातव्या मजल्यावरून माझे गुडघे दुसऱ्यापर्यंतही जात नाहीत. आणि तुमच्याच हिशोबाने त्याला केंद्राजवळची यंत्रं लागतात, भोक नाही.

मुक्काम_कराड

हा मुद्दा तुमचा. धोक्याची घंटा जमिनीवरच्या यंत्रांनीही वाजते. मी भोकासाठी तो वापरायला नको होता. पण जिन्याने पळू नका, टेबलाखाली बसा.

सातवा_मजला

रविवारी भाच्याला घेऊन खाली उतरलो. हातोडी शेजारच्यांची. चौदा खांब ठोकले. बारा खणखणीत, दोन बद्द. माझ्या गाडीशेजारचा तर असा बद्द की वॉचमनने मान वळवली. सेक्रेटरी म्हणाले, दिवाळीआधी रंग काढायचाच आहे, तेव्हा लिंपून घेऊ.

स्लॅबवाला, लिंपून चालेल का?

स्लॅबवाला

अजिबात नाही. पोपडा काढून सळई बघावी लागेल. काँक्रीट किती मजबूत उरलंय ते कळायला खांबाची कोअर काढावी लागेल.

सातवा_मजला

कोअर म्हणजे?

स्लॅबवाला

मशीनने गोल भोक पाडून आतली दांडी बाहेर काढायची आणि लॅबला पाठवायची.

लालबागकर_आजोबा

😄

सातवा_मजला

हसू नका आजोबा. खांब दीड फुटाचा आहे, ३ किलोमीटरचा नाही. माझं मत तेच आहे. भाचा मात्र मशीनवाल्याला फोन लावून बसलाय, ती दांडी घरी ठेवायला मिळेल का म्हणून विचारतोय.