अहमदाबादची मिल ओनर्स बिल्डिंग : एका दुपारीत पाहून होईल का?

डोंबिवलीकर
पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला अहमदाबादला जातोय. आदल्या दिवशीची दुपार मोकळी आहे. लेक आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला आश्रम रोडवरची, फ्रेंच वास्तुकार ल कॉर्बुझिएने रचलेली, मिल ओनर्स असोसिएशनची म्हणजे गिरणीमालकांच्या संघटनेची इमारत पाहायचीच आहे. फोटोत मला तरी उघडं काँक्रीट सोडून काही दिसलं नाही. माझ्यासारख्याने तिथे काय बघावं?

साबरमतीकाठ
जाच. मी मणिनगरात वाढले. बाबा गिरणीत विणाई खात्यात होते. मालकांची ही इमारत लहानपणी बसच्या खिडकीतून दिसायची, आत पाय ठेवला तो चाळिशी उलटल्यावर.

आधी फोन करून परवानगी विचारा. ते संग्रहालय नाही, संघटनेचं ऑफिस आहे. सुट्टीचा वार टाळा.

चारच्या सुमारास पोचा. रस्त्याकडची बाजू पश्चिमेची, म्हणजे उतरतं ऊन थेट अंगावर. तिथे काँक्रीटच्या उभ्या फळ्या तिरक्या बसवल्यात, ऊन अडतं आणि वारा मात्र आत येतो. नदीकडे, पूर्वेला, त्याच फळ्या सरळ आहेत. उत्तर-दक्षिणेच्या भिंती विटांच्या, जवळजवळ बंद. त्यामुळे वारा इकडून शिरतो नि तिकडून निघतो. अंगणातून एक लांब रॅम्प सरळ पहिल्या मजल्यावर नेतो, तो सावकाश चढा.

मी त्या रॅम्पच्या टोकाला उभी राहिले आणि पुढे जाववेना. विणाई खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवायचे. बाबा पाळी संपवून यायचे तेव्हा सदरा पिळून काढावा लागे. आणि त्याच कापडाच्या पैशातून, १९५४ साली, इतका मोकळा वारा खेळणारी इमारत उभी राहिली होती. राग आला, आणि ती आवडलीही. दोन्ही खरं आहे.

वरचं सभागृह चुकवू नका. भिंती वळणदार, लाकडाने मढवलेल्या, छतही वाकवलेलं. नदीकडेही बघा. खाली वाळूत रंगारी कापड धुताना, वाळवताना दिसावेत, असा कॉर्बुझिएचा विचार होता. आता वाळू नाही, रिव्हरफ्रंटचे काँक्रीटचे काठ आणि नर्मदेच्या कालव्याचं भरलेलं पाणी.

वीटकाम
लेकीला काँक्रीटवर हात फिरवायला सांगा, शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांचे ठसे बोटांना लागतात. सकाळ मिळाली तर त्याच रस्त्याने उत्तरेला गांधी आश्रमात वास्तुकार चार्ल्स कोरियांनी रचलेलं १९६३चं संग्रहालय आहे. विटांचे खांब, कौलं, लाकडी झडपा, सगळं बसक्या घरासारखं. मला स्वतःला ते जास्त जवळचं वाटतं.

डोंबिवलीकर
साबरमतीकाठ, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचला. माझे काका लालबागला गिरणीत होते. ते घरी आले की कानात कापसाचे तंतू असायचे, ते आज आठवलं. सोमवारी फोन करतो. रॅम्पवर लेकीला पुढे जाऊ देईन, मी मागून येईन.