रात्री साडेआठला घरी पोचल्यावर अर्ध्या तासात काय करता?

शेवंती:
राहते डोंबिवलीत, नोकरी भायखळ्याला. गाडी वेळेवर मिळाली तरी घरात पाऊल टाकेपर्यंत साडेआठ होतात. घरी सातवीतला मुलगा आणि 77 वर्षांचे सासरे. सासऱ्यांची कवळी सैल झालीये, त्यामुळे त्यांना मऊच लागतं, आणि गोळ्या असल्यामुळे नऊ-सव्वानऊला ताट पुढे यायलाच हवं. मुगाची खिचडी इतक्या वेळा झालीये की मुलगा कुकर बघूनच तोंड पाडतो. पोळ्या सकाळी डब्याबरोबर होतात, रात्री पुन्हा लाटायला उभं राहवत नाही. बाहेरचं तिखट-तेलकट सासऱ्यांना बाधतं, तेव्हा मागवायचा सल्ला नको. कांदा-लसूण चालतं. मऊ, गरम, शक्यतो एका भांड्यात होणारं, आणि 'आज काय धकवून नेलं' असं न वाटणारं काय करता तुम्ही?

सायखेडकर:
सकाळी भात मुद्दाम जास्त लावा आणि गार झाला की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. रात्री चांगला वाफवून घ्या, ताक घालून मऊ कालवा आणि वरून जिरं, हिंग, सुक्या मिरचीची तुपातली फोडणी द्या. उन्हाळ्यात तर हेच करा.

आमसूल:
शेवंती, पदार्थ नंतर बघू, आधी फडताळातले डबे बघू. रात्री काय करायचं हा प्रश्न रविवारी गिरणीतच सुटतो. माझं माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. दिवसभर शेतात राबून आलेल्या बायकांनी दिवेलागणीला चूल पेटवून घर जेवू घातलं ते पिठांच्या जिवावर. कुळथाचं पीठ, तांदळाचं पीठ, भाजणी आणि मेतकूट, हे चार डबे भरलेले असले की तुमची रात्र निभावते. ही पिठं लवकर शिजतात, कारण भाजायचं-दळायचं काम आधीच झालेलं असतं.

पहिलं कुळथाचं पिठलं. एका गॅसवर मऊ भात लावा. दुसरीकडे तीन चमचे पीठ दोन वाट्या गार पाण्यात कालवून ठेवा. गारच हं, गरम पाण्यात गुठळ्या होतात. तेलात मोहरी, हिंग, हळद, एखादी मिरची आणि पाच-सहा लसणीच्या पाकळ्या ठेचून घाला. लसूण कडेने तांबूस झाली की कालवलेलं पीठ ओता, मीठ आणि दोन आमसुलं टाका आणि ढवळत राहा. इथे दोन-तीन मिनिटं पातेल्यापासून हलू नका. आधी वर फेस येतो आणि कच्चट वास सुटतो, तो फेस भर्रकन चढून शेगडीवर उतू जातो. मग फेस बसतो, बुडबुडे जड होतात आणि खमंग वास यायला लागतो. पळी बाहेर काढली की तिच्या पाठीवर पातळ साय धरल्यासारखं पिठलं राहिलं पाहिजे. याहून घट्ट करू नका, ते पानात बसल्या बसल्या आळतं. ओलं खोबरं असेल तर मूठभर. सासऱ्यांना भातात कालवून वर तूप द्या, चावायचं काही कामच नाही.

दुसरी तांदळाची उकड. एक वाटी पिठाला आंबट ताक आणि पाणी मिळून तीन वाट्या. ताकाच्या पाण्यात पीठ, मीठ आणि चवीपुरती साखर कालवा. फोडणीत आलं, लसूण, मिरची, कढीपत्ता भरपूर घाला, कालवलेलं ओता, घट्ट होईपर्यंत हलवा आणि झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन चांगल्या वाफा आणा. पानात वाढल्यावर मधे खळगा करून कच्चं तेल. हे तेल टाळू नका, उकडीची चव त्यातच आहे. पंधरा मिनिटांत होते आणि गरमच खायची.

मेतकूट-भात-तूप तुम्हाला माहीत असणारच. फार दमलेल्या दिवसासाठी तो हातचा राखून ठेवा.

वऱ्हाडी_बाई:
आमच्या अकोल्याकडे अशा वेळी उकडपेंडी. ज्वारीचं किंवा जाडसर कणकेचं पीठ तेलात कांदा, मोहरी, मिरचीसोबत मंद आचेवर लालसर भाजायचं. घाई इथं करायची नाही, कच्चं राहिलं तर चिकट होते. मग ताक घातलेल्या पाण्याचे हबके मारत वाफ आणायची. मोकळी होते, पण तुमच्या सासऱ्यांसाठी पाणी जास्त घाला, उपम्यासारखी मऊ होईल. वरून कोथिंबीर, लिंबू.

शेवंती:
उकड नक्की करणार, सासूबाई करायच्या, त्या गेल्यापासून घरात झालीच नाहीये. सासऱ्यांना फार आवडेल. पण आमसूलताई, मुलगा कुळथाचा रंग बघून नाक मुरडेल असं वाटतंय. त्याच्यासाठी काही? आणि भाजणीचं प्रमाण द्याल का?

आमसूल:
मुलासाठी वरणफळं करा, घाटावर चकोल्या म्हणतात त्या. तुरीची डाळ सकाळीच शिजवून फ्रीजमध्ये ठेवा. आल्यावर ती पातळ करून फोडणी, गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा घालून उकळत ठेवा. सकाळीच कणकेचा एक गोळा जास्त मळून ठेवायचा. त्याची मोठी पोळी लाटायची, गोल नसली तरी चालते, आणि मुलाच्या हातात कातणं द्यायचं. शंकरपाळ्यासारखे तुकडे त्यालाच कापू दे आणि उकळत्या वरणात तुम्ही एकेक सोडा, एकदम टाकले तर गोळा होतो. आठ-दहा मिनिटांत शिजतात. सासऱ्यांची फळं आणखी थोडा वेळ शिजू द्या. स्वतः कापलेलं पोरं खातात, हा माझा नातवंडांचा अनुभव. कुळीथ त्याला आत्ता आग्रह करून वाढू नका, आजोबांच्या पानात रोज बघून तो स्वतःच मागेल.

भाजणी आमच्याकडे अशी: ज्वारी 2 वाट्या, बाजरी 2, तांदूळ 1, हरभराडाळ 1, उडीदडाळ अर्धी, गहू अर्धी, धणे अर्धी, जिरं दोन चमचे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, सगळ्यांना लागणारा वेळ वेगळा. पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्या. तुम्हाला थालीपिठापेक्षा मोकळ भाजणी सोयीची पडेल: कांद्याच्या फोडणीत ताक-पाणी उकळवायचं, भाजणी पेरत हलवायची आणि वाफ आणायची. पहिल्यांदा निम्म्या प्रमाणातच दळून आणा, सासऱ्यांना बाजरी सोसते का बघा. नाही सोसली तर पुढच्या वेळी तिच्या जागी ज्वारीच वाढवा.