माळावरच्या बीटची जाळरेषा: नांगर फिरवावा की कापून जाळावी?

गवती_बीट
मंडळी, उत्तर सोलापूर तालुक्यातलं बीट (वनरक्षकाने सांभाळायचा वनाचा तुकडा) नव्याने ताब्यात आलंय. झाडी नावालाच. सगळं गवतच: माथ्यावर कुसळी, उतारावर शेडा आणि पवन्या, ओढ्याकडे मारवेल. दोन बाजूंनी ऊस आणि ज्वारी, एका बाजूने गाडीवाट. प्रशिक्षणात शिकवलेली जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, सागाच्या जंगलातली, पाचोळा झाडून काढायची. इथे पाचोळाच नाही, उभं गवत आहे. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम लागतो, त्याआधी रेषा पूर्ण हव्यात. मजूर सहा-सात, ब्लोअर एक. ट्रॅक्टरवाला म्हणतो नांगर फिरवतो, दोन दिवसांत काम मोकळं. फिरवू द्यावा का? रुंदी किती ठेवायची? आणि उन्हाळ्यात पाणवठ्यात पाणी किती दिवसांनी टाकायचं याचा काही हिशोब आहे का?

शेडा_पवन्या
आतल्या भागात नांगर अजिबात नको. माळावर मुरमावर वीतभर माती असते आणि ती शेड्याच्या ठोंबांनी धरून ठेवलेली असते. ठोंब उलटला की पहिल्या पावसात त्या पट्ट्यात गाजर गवत आणि तरोटा उठतो, उताराला तर सरळ घळ पडते. वाळलेला तरोटा नि गाजर गवत पुढच्या वर्षी पेटायला तयारच. म्हणजे आग अडवायला काढलेली रेषाच आगीचं जळण होते.

कापून जाळायची. कुसळी आणि शेड्याचं बी झडल्यावर, म्हणजे नोव्हेंबर संपता संपता कामाला लागा. रेषेच्या दोन्ही कडांना दीड-दीड मीटरचे पट्टे विळ्याने जमिनीलगत कापा आणि कापलेलं गवत दोन पट्ट्यांच्या मधे टाका. बहुतेकांचं इथे चुकतं: कापलेलं गवत बाहेरच्या बाजूला पसरून ठेवतात आणि मग तेच आगीला पूल होतं. चार-पाच दिवस वाळू द्या आणि मधला पट्टा जाळा. आतल्या रेषांना एकूण ६ मीटर रुंदी पुरते. गाडीवाट आणि उसाच्या बाजूला १० ते १२ मीटर ठेवा, कारण वाऱ्यावर ज्वाळ गवताच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट झेपावते.

जाळायची वेळ संध्याकाळची, चारनंतर. सकाळी दव असतं म्हणून बरेच जण पहाटे पेटवतात, पण नऊ वाजले की ऊन चढतं, वारा सुटतो आणि आग तासागणिक तापत जाते. संध्याकाळी उलट होतं, आग आपोआप मंदावते आणि अंधारात निखारे दिसतात. आग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सरकेल अशी पेटवा, एका वेळी २०-३० मीटरच.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: शेणाचे पो. चरायला आलेल्या गुरांचं वाळलेलं शेण रेषेत पडलेलं असतं. गवत पाच मिनिटांत विझतं, पो मात्र आतून रात्रभर धुमसतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याला त्याचा तुकडा गडगडत पलीकडच्या गवतात जातो. पेटवण्याआधी रेषेतले पो वेचून बाहेर काढा. रेषा विझल्यावर ठोंबांवर हात धरून बघा, ऊब लागली तर फावड्याने फोडून माती टाका.

बांधावरून
वरच्या उत्तराला एक अपवाद. शेताच्या बांधालगत, जमीन शेतकऱ्याची आणि आधीच नांगरलेली असेल तर त्याच्याकडून वखर फिरवून घ्या. ज्वारी काढली की तो सडासाठी वखर फिरवतोच, जरा लवकर फिरवायला सांगायचं. फुकटची जाळरेषा.

खरा धोका उसाच्या पाचटाचा. कारखाने चालू असतात तोवर तोड होत राहते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खोडव्यासाठी दुपारी पाचट पेटवलं जातं. गाडीवाटेवरच्या विडीपेक्षा याचं भय जास्त. त्या बांधावरचे ऊसवाले कोण, कोणाची तोड कधी, याची यादी वहीत ठेवा. पाचट पेटवायचंच असेल तर संध्याकाळी, मजूर कडेला उभे करून. अभयारण्याच्या हद्दीत आग लावायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या कलम ३०ने बंदी आहे, हे कागदावर आधी सांगून ठेवलेलं बरं. मात्र नोटीस हातात घेऊन पहिल्यांदा गेलात तर पुढे आग लागल्यावर तुम्हाला फोन कोणी करणार नाही.

आग दिसली की उपग्रहाचा संदेश मोबाईलवर येतो, त्यावर फार विसंबू नका. त्याचा ठिपका ३७५ मीटरच्या चौकोनाचा असतो, म्हणजे तो तुमच्या रेषेच्या आतला की शेजारच्या उसातला हे त्यावरून कळत नाही. उपग्रहही साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारासच वरून जातो. गवताची आग तेवढ्यात लागून संपलेलीही असते.

गवती_बीट
वखराचं पटलं. ब्लोअर प्रत्यक्ष आगीवर कसा चालवायचा? गवतात वारा घातला की आग भडकते असं मजूर म्हणतात.

शेडा_पवन्या
मजुरांचं बरोबर आहे, पण अर्धं. ज्वाळ गुडघ्याच्या वर असेल तर ब्लोअर बंदच ठेवा. गुडघ्याखाली असेल तर जळालेल्या बाजूला उभं राहायचं नाही. कापलेल्या पट्ट्यावर उभं राहून नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, म्हणजे आग जळालेल्या भागाकडे ढकलली जाते आणि तिथे तिला खायला काही उरत नाही. मागे दोघांनी कडुनिंबाच्या किंवा करंजाच्या ओल्या फांद्यांनी झोडपत यायचं. झोडपताना फांदी उचलून आपटायची नाही, ठिणग्या उडतात, दाबून ओढायची. आगीच्या तोंडासमोर कोणी जायचं नाही, कडेकडेने आत सरकायचं. कपडे सुती. टेरिकॉट अंगाला चिकटतं. आणि टू-स्ट्रोक ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच मिसळा. अंदाजाने ओतलं की यंत्र ऐन आगीत बंद पडतं.

पाणवठा
पाण्याचा हिशोब. मे महिन्यात रोज साधारण १० मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. चार मीटर व्यासाच्या बशीचं (बशीच्या आकाराच्या पाणवठ्याचं) क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर, म्हणजे दिवसाला सव्वाशे लिटर नुसतं वाफेत. मध्यभागी ४५ सेंटिमीटर खोल असलेली बशी भरली की जवळपास २,८०० लिटर मावतं. काळवीट, खोकड, लांडगे आणि पक्षी पिणार ते वेगळं. आठवड्याला एकदा भरावीच लागेल. नवीन बांधणार असाल तर तीन मीटर व्यास घ्या, वाफ सत्तर लिटरवर येते. उतार सगळ्या बाजूंनी ठेवा. एक बाजू उभी राहिली तर पिल्लू आत पडलं की वर येत नाही.

पंधरा दिवसांनी शेवाळ घासून काढा. पाण्यात कुणी विष तर कालवलं नाही ना, यासाठी रोज सकाळी कडेला मेलेले पक्षी, मधमाश्या किंवा फेस दिसतो का ते बघा. लिटमस पट्टीवर निर्धास्त होऊ नका, बहुतेक कीटकनाशकं तिच्यावर दिसत नाहीत. शंका आली की पाणी बादलीने काढून खड्ड्यात मुरवा आणि नमुना बाटलीत सीलबंद ठेवा.

बांधावरून
जाळण्याआधी एक काम राहिलं. पखुर्डी जमिनीवरच अंडी घालते, चंडोलही. दोघांनी रेषेच्या दोन कडांना लांब दोर धरून गवतावरून ओढत चालायचं. पक्षी उडाला तिथे खूण करायची आणि तेवढा तुकडा वगळून रेषा वळवायची. डिसेंबर-जानेवारीत ओढ्याच्या काठाला लांडग्याची बिळं असतात. ताजी उकरलेली माती, हाडं आणि लहान पावलं दिसली तर त्या बाजूची रेषा सगळ्यात शेवटी, पिल्लं हलल्यावर घ्या. आणि तिथे धनगरांची वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) लागलेली असेल तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा: शेळी-मेंढी मारली गेली तर भरपाईसाठी ४८ तासांत कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मढं जागेवरून हलवायचं नाही. मढं हललं की लांडग्याने मारलं की कुत्र्यांनी, हे ठरवायला काही उरत नाही.